रोमन वक्त्यांचे अश्रू: आतून आलेले की बेतलेले?

कोरडाठाक
सिसेरो या रोमन वक्ता-वकिलाची भाषणं भाषांतरातून वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. राजकीय वैरी क्लोदिउसच्या खुनाचा आरोप असलेल्या मिलोच्या बचावाच्या शेवटी तो म्हणतो, अश्रूंमुळे मला आता बोलवत नाही. पण हे वाक्य लिहून प्रसिद्ध केलेलं आहे, शब्द निवडून! ज्याला बोलवत नाही त्याला इतकं घोटीव वाक्य कसं सुचतं?

माझं मत स्पष्टच सांगतो. रोमन भाषणांतली भावना हा ठरवून केलेला देखावा होता. 'दे इन्व्हेन्तिओने' या वक्तृत्वावरच्या तरुणपणीच्या पुस्तकात सिसेरोने संताप चेतवायच्या १५ आणि कणव जागवायच्या १६ युक्त्या मोजून दिल्या आहेत. यादी हातात धरून कुणी रडतं का? आणि रोमचे लोक हा खेळ नेहमी बघत असूनही दर वेळी कसे फसायचे? समोर कोण आहे त्यानुसार हे तंत्र कसं बदलायचं, तेही जाणकारांनी उदाहरणांसकट सांगावं.

सनावळी
त्या १६ युक्त्या संपल्या की लगेच तो बजावतो की करुण भाग लांबवू नका, अश्रूइतकं लवकर काही सुकत नाही. हे वाक्यही त्याचं नाही, अपोलोनिअस नावाच्या वक्तृत्वशिक्षकाचं म्हणून त्याने दिलंय. शिवाय पुढे 'दे ओरातोरे' या वक्तृत्वावरच्या संवादग्रंथात (इ.स.पू. ५५) त्याने त्या पोरवयातल्या टिपणांना कच्चं म्हणून बाजूला सारलं. तुम्ही नेमकं तेच पुस्तक पुरावा म्हणून आणलंत.

गुरुलघु
चाल आधी बांधलेली असते म्हणून गाणाऱ्याचा गहिवर खोटा ठरत नाही.

'दे ओरातोरे'च्या दुसऱ्या भागात हाच प्रश्न आहे. तिथे बोलणारा मार्कुस आंतोनिउस (सीझरवाल्या मार्क अँटनीचा आजोबा) म्हणतो की वक्त्याच्या अंगात आधी आग असल्याशिवाय ऐकणाऱ्याच्या अंगात ती लागत नाही. लाकूड कितीही सुकं असो, ठिणगी द्यावीच लागते. त्याने मानिउस आक्विलिउसचा बचाव केला तेव्हा आरोपीला उभं करून त्याचा अंगरखा टरकावला आणि छातीवरचे व्रण पंचांना दाखवले. हे आधी योजलेलं नव्हतं, माजी सेनापतीची ती दशा बघून आपल्यालाच भडभडून आलं, असं तो सांगतो. शेजारी सेनापती मारिउस बसला होता, त्याचे डोळे भरले, आणि आंतोनिउसने लगेच त्याला नावाने हाक मारून साक्षीला घेतलं. म्हणजे गहिवर खरा आणि हिशेबही खरा. दोन्ही एकाच क्षणी.

खवचट_काकू
स्वतःच्या रडण्याबद्दल स्वतःच प्रमाणपत्र! आणि तेही सिसेरोने आंतोनिउसच्या तोंडी घातलेलं. आंतोनिउसचं डोकं इ.स.पू. ८७ मध्येच रोस्त्रावर, भाषणाच्या ओट्यावर, टांगलं गेलं होतं, तो काय येऊन नाकारणार?

रोस्त्राखालचा
काकूंचा मुद्दा बरोबर, पण मूळ धाग्यातला शेवटचा प्रश्न, समोर कोण आहे हा, जास्त कामाचा आहे. 'श्रोते' हा एकच गट नव्हता. निदान तीन वेगळे गट धरा.

पहिला गट कोन्तिओचा. कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी), प्रीटर (न्यायाधिकारी) किंवा ट्रिब्यून (लोकांचा प्रतिनिधी) यांपैकी कुणी बोलावली की भरणारी उघड्यावरची सभा. वक्ता रोस्त्रा या ओट्यावर. इ.स.पू. ३३८ मध्ये अँटिअमच्या जहाजांच्या चोची कापून आणून त्या ओट्याला ठोकल्या, म्हणून हे नाव. लोक खाली उभे, बसायची सोय नाही. ज्याने सभा बोलावली तो ज्याला पुढे करेल त्यानेच बोलायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे इथे मतदान नाही. कायदा जाहीर करायचा, तीन आठवडी बाजारांचं अंतर जाऊ द्यायचं, मग मतदान, तेही वेगळ्या रचनेत, गटागटाने. मग कोन्तिओत भावना पेटवून मिळायचं काय? आरोळी! आपल्या बाजूने मोठी आरोळी उठली की विरोधक ट्रिब्यूनची नकाराधिकार वापरायची छाती होत नसे, आणि सिनेटला संदेश जाई.

दुसरा गट सिनेटचा. बंद सभागृह, बसलेली माणसं, सगळे एकमेकांना आणि एकमेकांच्या कर्जांना ओळखणारे. इथे छातीवरचे व्रण दाखवले तर हसं होईल.

तिसरा गट खटल्यांचा. पंच बाकांवर, आणि भोवती उभ्या बघ्यांचं कडं. त्याला कोरोनाच म्हणत. (हो, तेच नाव. विनोद आवरा.) वक्ता बोले पंचांशी, पण कडं हसलं, हळहळलं की त्याची ऊब पंचांना लागे.

पाणचट
विनोद आवरला. दोन गज अंतर राखून.

सनावळी
रोस्त्राबद्दल एक पुरवणी. वक्त्याने सिनेटच्या बाजूला तोंड करायचं की फोरमच्या, म्हणजे लोक जमत त्या चौकाच्या, यावरही राजकारण झालं. फोरमकडे प्रथम तोंड कुणी वळवलं? चरित्रकार प्लूटार्क म्हणतो ट्रिब्यून गायस ग्राकसने. सिसेरो हे श्रेय इ.स.पू. १४५ चा ट्रिब्यून गायस लिकिनिउस क्रासुस याला देतो. मला सिसेरो जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण प्लूटार्कला नाट्य आवडतं.

नाट्यवेडी
गायस ग्राकसचं नाव निघालंच आहे तर त्याची पावरी राहायला नको. तो बोलत असताना मागे लपून एक माणूस हस्तिदंती पावरी घेऊन उभा असे. आवाज फार चढला की खालचा सूर, मंदावला की वरचा सूर. आता याच ग्राकसचं शेवटच्या काळातलं वाक्य बघा: "मी अभागी कुठे जाऊ? कुठे वळू? कॅपिटॉलवर? तिथे भावाचं रक्त सांडलंय. घरी? तिथे आक्रोश करणारी आई बघायला?" सिसेरो सांगतो की डोळे, आवाज, हातवारे असे होते की शत्रूंनाही रडू आवरलं नाही.

भाऊ खरोखर मारला गेला होता, आई खरोखर घरी होती, आणि पावरीही खरी. कोरडाठाक, यातलं खोटं नेमकं कोणतं?

कोरडाठाक
पावरी! माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

गुरुलघु
नाही होत. पावरी आवाजासाठी आहे. माइक नसताना उघड्यावर काही हजार लोकांपर्यंत पोचायचं तर पहिल्या पाच मिनिटांत गळा फाडून चालत नाही. वर चढलेला सूर तिथेच अडकला तर शेवटी करुण भागाला आवाजच उरत नाही. रोमन शिक्षक हे पुन्हा पुन्हा सांगतात: खालून सुरुवात, पायरीपायरीने वर, मध्ये उतार.

भावनेचंही तेच. आंतोनिउसचा नियम असा की भावनेत एकदम उडी घ्यायची नाही आणि एकदम बाहेरही पडायचं नाही. मुद्दा सांगितला की ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. राग किंवा कणव मुरायला वेळ लागतो. आणि क्षुल्लक प्रकरणात तर हे सगळं वर्ज्य, नाहीतर माणूस शोकांतिका घेऊन चिंचोके मोजायला बसल्यासारखा दिसतो (चिंचोके माझे, नियम त्याचा).

खवचट_काकू
आणि हातवारे? क्युरिओ (थोरला) बोलताना दोन्ही बाजूंना असा डुलायचा की एकाने विचारलं, होडीतून कोण बोलतंय? पुढे हाच क्युरिओ ऑक्टाविउसबरोबर कॉन्सल होता (इ.स.पू. ७६). ऑक्टाविउस आजारी, अंगभर पट्ट्या आणि मलम लावून गप्प बसलेला. क्युरिओचं डुलत डुलत भाषण संपल्यावर सिकिनिउस म्हणाला, "ऑक्टाविउस, सहकाऱ्याचे उपकार कधी फिटायचे नाहीत. तो हलला नसता तर आज माश्यांनी तुला इथेच खाल्लं असतं."

पाणचट
हसून हसून पुरेवाट. आपल्या वक्तृत्व स्पर्धांतला "डावा हात आकाशाकडे" वाला प्रकार दोन हजार वर्षं जुना आहे तर.

फुटकळ
उलटंही आहे. कालिदिउसने गालिउसवर विषप्रयोगाच्या कटाचा आरोप ठेवला. साक्षी, कागद, सगळं नीट मांडलं, पण शांतपणे. सिसेरोने बचावात हा शांतपणाच पुरावा म्हणून वापरला. तुला खरंच कुणी विष द्यायला निघालं असतं तर तू असा बोलला असतास? कपाळ बडवलं नाहीस, मांडीवर थाप नाही, साधा पायही आपटला नाहीस. आम्हाला तर झोप यायला लागली होती!

म्हणजे रोमन श्रोत्याची समजूत अशी की दुखावलेला माणूस दुखावलेला दिसतो. भावना दिसली नाही तर वस्तुस्थितीबद्दलच शंका. त्यामुळे 'फसत कसे होते' हा प्रश्न थोडा उलटा विचारला गेलाय.

नाट्यवेडी
+१. आणि फसायचे नाहीत तेव्हा काय व्हायचं ते क्विन्तिलियनने लिहून ठेवलंय. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, स्वतः वकिली केलेला, म्हणून त्याच्याकडे अपघातांचा साठा आहे.

एका वकिलाने रडणारं मूल पुढे आणलं आणि विचारलं, बाळ का रडतोस? मूल म्हणालं, "गुरुजी चिमटे काढतायत." खटला तिथेच संपल्यात जमा.

दुसऱ्याने समारोपात विधवेच्या नवऱ्याची प्रतिमा वर धरायचं ठरवलं. ज्यांच्याकडे काम दिलं त्यांना समारोप म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. वकिलाने त्यांच्याकडे पाहिलं की वर, पाहिलं की वर. शेवटी नीट दिसली तेव्हा ती मेलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून काढलेल्या साच्याची निघाली. करुणा संपली, हशा सुरू.

कारण तो साधंच सांगतो. कणव वाटायची थांबली की ती नुसती विरत नाही, तिचं हसू होतं. मधली जागा नसते. म्हणून ज्याच्यात ताकद नाही त्याने पंचांना रडवायच्या फंदात पडूच नये.

आणि आतून कसं रडायचं याची रीतही तो देतो. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा. खुनाचा खटला असेल तर मारेकरी झडप घालतोय, समोरचा दचकतोय, ओरडतोय, रक्त, पांढराफटक चेहरा, शेवटचा श्वास. हे आधी आपल्याला दिसलं पाहिजे. हे कळत-नकळत येत नाही, सरावाने येतं असं त्याचं म्हणणं.

तिसरीघंटा
आपल्याकडच्या रसचर्चेशी हे जुळवता येईल का? स्थायी भाव, विभाव वगैरे?

गुरुलघु
मोह होतो, पण आवरावा. रसिक शोक अनुभवून तृप्त होऊन घरी जातो. रोमन पंच शोक अनुभवून मतपाटीवरचं एक अक्षर खोडतो. सिसेरोनेच कामं वाटून दिलीत: पटवून देणं ही गरज, रिझवणं हा गोडवा, हलवणं हा विजय.

तुम्हाला आपल्या कानाला जवळचं काही हवं असेल तर लय घ्या. गायस पापिरिउस कार्बो नावाच्या ट्रिब्यूनच्या सभेत सिसेरो स्वतः गर्दीत उभा होता. कार्बोचं वाक्य संपलं "तेमेरितास फिली कोंप्रोबाविट" या शब्दांवर, म्हणजे बापाचं शहाणं वचन पोराच्या अविचाराने खरं ठरवलं. सभेने अशी आरोळी ठोकली की सिसेरो चकित झाला. त्याच्या मते ती आरोळी अर्थाला नव्हती, शेवटच्या 'कोंप्रोबाविट'ला होती: गुरु, लघु, गुरु, आणि शेवटचं अक्षर सैल. तो पुढे सांगतो, शब्द तेच ठेवून क्रम बदला, "कोंप्रोबाविट फिली तेमेरितास" म्हणा, सगळी जादू गेली. व्याकरण न शिकलेली गर्दी वृत्त कानाने ओळखत होती. ओवी ऐकून वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

रोस्त्राखालचा
समोर कोण आहे त्यानुसार बदल, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इ.स.पू. ६३ चं. रुल्लुस नावाच्या ट्रिब्यूनचं जमीनवाटपाचं विधेयक. सिसेरो नवा कॉन्सल. १ जानेवारीला सिनेटमध्ये विरोध, काही दिवसांनी कोन्तिओत पुन्हा विरोध. विधेयक एक, विरोध एक, भाषणं दोन्ही उपलब्ध.

सिनेटमध्ये सूर भीतीचा: खजिना, प्रतिष्ठा, दहा जणांच्या हाती जाणारी सत्ता. लोकांपुढे तो स्वतःला लोकांचा कॉन्सल म्हणवतो, ग्राकस बंधूंची तोंडभर स्तुती करतो, आणि सांगतो की मी मोठ्या घराण्यातला नाही, मला तुम्ही निवडलंत. जमिनीचा मोह मोडायला चित्र उभं करतो: फोरम, खेळ, मतदान, शहराचा झगमगाट सोडून सिपोन्तुमच्या कोरड्या मातीत की सालपियाच्या रोगट दलदलीत जाणार? वर तेल ओततो: रुल्लुस सिनेटमध्ये म्हणाला की शहरातली जनता उपसून काढली पाहिजे, जणू तुम्ही जहाजाच्या तळाचं घाण पाणी आहात!

आता मौज ऐका. तीन वर्षांनी, मार्च ६० मध्ये, दुसऱ्या एका जमीन-विधेयकाबद्दल मित्र अट्टिकुसला खाजगी पत्र लिहिताना सिसेरो म्हणतो, याने शहराचं तळाचं घाण पाणी उपसलं जाईल. शब्द तेच.

खवचट_काकू
घ्या! कोरडाठाकरावांना बसल्या जागी दाखला मिळाला.

कोरडाठाक
काकू, अगदी. हे वाचून मूळ मत अजून पक्कं झालं.

फुटकळ
सिसेरोला त्या गर्दीबद्दल काय वाटत होतं आणि गर्दीला काय वाटलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आंतोनिउस म्हणतो, खटल्याआधी मी पंचांच्या मनाचा वास घेतो, वैद्य रोग्याची प्रकृती तपासतो तसा. त्याने नोर्बानुसचा बचाव कसा केला बघा. आरोप दंगलीचा, जवळपास कबूल असल्यासारखा. पण दंगल उठली होती काएपिओविरुद्ध, ज्याच्या चुकीमुळे आराउसिओच्या लढाईत (इ.स.पू. १०५) रोमन सैन्य कापलं गेलं. पंच होते एक्वितेस, म्हणजे सावकार-ठेकेदारांचा श्रीमंत वर्ग, आणि याच काएपिओने त्यांचा न्यायपंच होण्याचा हक्क काढून घ्यायचा कायदा आणला होता. आंतोनिउसने सुरुवात चाचरत केली. मग मेलेल्यांच्या आठवणीने जखमा उघडल्या, मग हक्काचा जुना राग. पंच पुरते तापल्यावरच तो मऊ झाला: नोर्बानुस माझा क्वेस्टर (हाताखालचा अधिकारी) होता, मला मुलासारखा, या वयात माझी लाज राखा. आधी राग, मग कणव. उलट क्रमाने फसलं असतं. आरोपी सुटला.

इथे राग वक्त्याने तयार केला नाही. तो पंचांच्या पोटात दहा वर्षं होता.

सनावळी
कोन्तिओची गर्दी मात्र इतकी भोळी धरू नका. पोटात काय आहे ते कधी कधी आधीच भरून आणलेलं असे. फेब्रुवारी, इ.स.पू. ५६: पॉम्पी बोलायला उठला, क्लोदिउसच्या टोळीने आरडाओरडा केला, तरी त्याने भाषण पुरं केलं. क्लोदिउस उठला तेव्हा मिलोच्या माणसांनी दोन तास त्याच्या आणि बहिणीच्या नावाने अश्लील कवनं म्हटली. मग चिडलेल्या क्लोदिउसने आपल्या टोळीला विचारलं, लोकांना उपाशी कोण मारतंय? "पॉम्पी!" अलेक्झांड्रियाला (इजिप्तच्या राजाला परत गादीवर बसवायला) जायची हौस कुणाला? "पॉम्पी!" तुम्हाला कोण जायला हवा? "क्रासुस!" नवव्या तासाच्या सुमारास इशारा झाल्यासारखे ते थुंकायला लागले आणि धक्काबुक्की सुरू. सिसेरो हजर होता, भावाला पत्रात सगळं कळवलंय.

पुढे साम्राज्यात तर दरच ठरला. धाकटा प्लिनी सांगतो की कोर्टात वाहवा करायला त्याच्याच दोन नोकरांना तीन-तीन दिनारिउस देऊन ओढून नेलं.

पाणचट
तीन दिनारिउस, जेवण धरून का?

सनावळी
अशा भाडोत्री वाहवा-वाल्यांना 'लाउदिकेनी' म्हणत. शब्दातच श्लेष आहे, स्तुती आणि जेवण.

रोस्त्राखालचा
सगळी गर्दी भाडोत्री मानणंही सोपं आहे. आजच्या इतिहासकारांपैकी मिलार गर्दीला खरी राजकीय शक्ती मानतात, मूरित्सेन म्हणतात की दुकान बंद ठेवून दुपारी फोरमवर उभं राहणं गरिबाला परवडणारंच नव्हतं, तिथे बहुतेक सवडवाले. मी मध्ये कुठेतरी. टोळ्या होत्या, पण कार्बोच्या 'कोंप्रोबाविट'ला कुणी पैसे दिले नव्हते. 'ब्रुतुस' या ग्रंथात सिसेरो म्हणतो, वक्त्याला लोकांचे कान म्हणजे वादकाची सनई. फुंकून सूर निघाला नाही तर सनई टाकून द्यावी, वाजवायचं थांबवावं. तिथे वाद्य श्रोते आहेत, वक्ता नव्हे.

तिसरीघंटा
भावना न वापरता जिंकलेला कुणी?

फुटकळ
हरलेला आहे. रुतिलिउस रुफुस, स्टोइक, म्हणजे भावनांना थारा न देणाऱ्या तत्त्वज्ञानपंथाचा. आशियात करवसुली ठेकेदारांना वेसण घातली, म्हणून त्यांच्याच वर्गाच्या पंचांपुढे खंडणीचा आरोप (इ.स.पू. ९२). त्याने शोकाचे कपडे घालायला, गयावया करायला नकार दिला. कुणी कण्हलं नाही, कुणी पाय आपटला नाही. सिसेरोच्या संवादातला टोमणा असा की स्टोइकांना कळेल म्हणून असावं. दोषी ठरला, आणि ज्यांना लुबाडलं असा आरोप होता त्यांच्याच स्मिर्ना शहरात मानाने राहायला गेला.

याच रुतिलिउसने सर्विउस गाल्बाला नावं ठेवली होती. गाल्बाने शरण आलेल्या लुसितानियनांची कत्तल केली. इ.स.पू. १४९ मध्ये म्हातारा केटो त्याच्याविरुद्ध उभा राहिला. गाल्बाने आपली दोन लहान मुलं आणि नातलगाचा पोरका मुलगा पुढे आणला, पोरक्याला जवळजवळ खांद्यावर उचलून घेतलं, आणि सुटला. केटोने लिहिलं, मुलं आणि अश्रू नसते तर शिक्षा झाली असती. म्हणजे कत्तलवाला सुटला, सरळ माणूस अडकला. माझं या तंत्राबद्दल जे काही वाईट मत आहे ते या जोडीमुळे.

नाट्यवेडी
सीझरच्या खुनानंतरची, मार्च इ.स.पू. ४४ ची जोडीही घ्या. ब्रुटस कॅपिटॉलवर बोलला. ते भाषण त्याने सिसेरोकडे दुरुस्तीला पाठवलं. सिसेरोने अट्टिकुसला लिहिलं की शब्द, विचार याहून सुबक होणार नाहीत, पण मी लिहिलं असतं तर जास्त आग घातली असती. आणि दुरुस्ती केलीच नाही.

अँटनीचं भाषण शेक्सपिअरमुळे सगळ्यांना पाठ, पण ते शेक्सपिअरचं. सुएतोनिउस म्हणतो, अँटनीने दवंडीवाल्याकडून सिनेटचे ठराव वाचून घेतले आणि स्वतः थोडंच बोलला. आप्पिआन मात्र पूर्ण प्रयोग वर्णन करतो: भाल्यावर रक्ताळलेलं वस्त्र, २३ जखमांचा मेणाचा पुतळा, तो यंत्राने सगळ्या बाजूंना फिरवलेला. त्याआधी मृत्युपत्र जाहीर झालेलं: माणशी ३०० सेस्टर्स, तिबरपारच्या बागा लोकांना, आणि दुय्यम वारसांत मारेकरी देकिमुस ब्रुटस. लोकांनी प्रेत फोरममध्येच जाळलं. आजोबांनी अंगरखा फाडून व्रण दाखवले होते, नातवाने वस्त्र उंचावलं.

सनावळी
आणि त्याची तालीम आठ वर्षं आधी झाली होती. जानेवारी ५२, क्लोदिउसचं प्रेत रोस्त्रावर, जखमा उघड्या. त्या दिवशी सिनेटचं सभागृहच जळलं.

गुरुलघु
क्लोदिउसवरून परत मिलो. कोरडाठाक, तुम्ही सिसेरोचं अर्धंच वाक्य दिलंत. पूर्ण असं आहे: अश्रूंमुळे मला आता बोलवत नाही, आणि हा माणूस अश्रूंनी आपला बचाव करू देत नाही.

संदर्भ बघा. मिलोने दाढी वाढवली नाही, मळके कपडे घातले नाहीत, आरोपीने करायचं काहीच केलं नाही. फोरमभोवती पॉम्पीचे सैनिक. फिर्यादीला दोन तास, बचावाला तीन. क्लोदिउसच्या लोकांच्या आरडाओरड्यात सिसेरो अडखळला. ३८ विरुद्ध १३ मतांनी मिलो दोषी. नंतर प्रसिद्ध केलेल्या भाषणात सिसेरो आरोपीच्या वाटचं रडणं स्वतःकडे घेतो आणि त्याच दमात मिलोचा ताठा त्याच्या बाजूने वळवतो. रडला का? लिहिताना बहुधा नाही. पण वाक्य रडण्याबद्दल कमी आणि न रडणाऱ्याबद्दल जास्त आहे.

कोरडाठाक
अर्धं वाक्य ही माझी चूक, कबूल. "देखावा" शब्द मागे घेत नाही, पण मिलोचं उदाहरण मागे घेतो. घाण पाण्याचं ठेवतो.

खवचट_काकू
त्या सुधारलेल्या भाषणाची प्रत मिलोला मार्सेयला पोचली तेव्हा तो म्हणाला म्हणे, हेच कोर्टात बोलला असतास तर मला इथले इतके छान मलेट मासे खायला मिळाले नसते. दिओ कासिउसने दिलंय.

पाणचट
मलेट म्हणजे आपली बोय का?

खवचट_काकू
नाही हो, बोय वेगळी. हा लाल, हनुवटीला मिशा असलेला.